मजकूर साठवायचा कशात, विकिखुणांत की एचटीएमएलमध्ये?

वेबसाइटच्या कामात नवीन आलेली मुलं आधी एडिटर कसा दिसतो ते बघतात. माझं आग्रहाचं सांगणं असं, की आधी डेटाबेस उघडा आणि मजकूर कुठल्या रूपात साठवलाय ते पाहा: विकिखुणांत, म्हणजे विकिपीडियासारख्या साइटवर दुवा, ठळक अक्षर वगैरेंसाठी हाताने टाइप करायच्या साध्या चिन्हांत, की एचटीएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझर वाचतो त्या टॅगांच्या भाषेत. पुढची बरीचशी डोकेदुखी तिथेच ठरलेली असते.

मला हे नीट उमगलं ते मराठी विकिपीडियावर. तिथे मुंबईच्या पानाचा दुवा द्यायला कोणी [[मुंबई]]तील लिहितं, कोणी [[मुंबई|मुंबईतील]]. वाचकाला दोन्हीकडे सारखाच निळा शब्द दिसतो. आता दृश्य संपादकात, म्हणजे खुणा न दाखवता पान जसं दिसतं तसंच संपादू देणाऱ्या एडिटरमध्ये, कोणी शेजारचा एक स्वल्पविराम बदलून पान जतन केलं, तर एचटीएमएलवरून यातली कुठली खूण परत लिहायची? अंदाज चुकला, की कोणी हातही न लावलेल्या ओळी पानाच्या इतिहासात बदललेल्या दिसतात आणि खरी दुरुस्ती त्या गर्दीत हरवते. म्हणून मीडियाविकी या विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरमधला पार्सॉइड, म्हणजे विकिखुणा आणि एचटीएमएल यांच्यात रूपांतर करणारा भाग, मूळ लेखनाच्या बारीक नोंदी सोबत ठेवतो आणि बदललेला भागच नव्याने लिहितो. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

साचे, म्हणजे अनेक पानांत वापरायचे तयार तुकडे, त्याहून अवघड. एक साचा तक्ता सुरू करतो, दुसरा ओळी भरतो, तिसरा तो बंद करतो; सुटा घेतला तर एकालाही धड अर्थ नाही. 2013 साली इंग्रजी विकिपीडियावर दृश्य संपादक सरसकट सुरू झाला आणि काही महिन्यांतच पुन्हा ऐच्छिक झाला, त्यामागे विकिखुणा बिघडण्याच्या तक्रारीही होत्या.

कॉन्फ्लुअन्स या कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या विकी सॉफ्टवेअरने 2011 मध्ये, 4.0 आवृत्तीत, विकिखुणा सोडून एक्सएचटीएमएलवर (एचटीएमएलचं काटेकोर रूप) आधारलेलं रूप साठवायला घेतलं. दोन्ही बाजूंनी रूपांतर करायची कटकट संपते, हे खरं. पण वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत नको ते टॅगही येतात. शिवाय सुरक्षिततेसाठी सर्व्हरवर धोकादायक टॅग काढून टाकणारी गाळणी लागतेच. ती ब्राउझरवर सोपवू नका.

माझं मत स्पष्ट आहे. कार्यालयातली माणसं बटणं दाबूनच लिहिणार असतील, तर मोजके टॅग ठरवून एचटीएमएल साठवा. अनेक हात एकाच पानावर फिरत असतील आणि कोणी काय बदललं हे रोज तपासायचं असेल, तर विकिखुणाच बऱ्या. दोन्ही रूपं मूळ प्रत म्हणून कधीही ठेवू नका.

सरावासाठी मराठी विकिपीडियावर तुमची स्वतःची धूळपाटी (सरावाचं पान) उघडा. मुंबईच्या दुव्याची वरची दोन्ही रूपं लिहून जतन करा, मग दृश्य संपादकात दुसराच शब्द बदला आणि इतिहासात नेमका फरक किती पडला ते तपासा.