पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये (चार्ट काढायची लायब्ररी) चार्ट आडवा करताय? या चुका टाळा

सांगली जिल्ह्याचे दहा तालुके घेऊन उभे बार काढा, खाली कवठेमहांकाळ आणि खानापूर एकमेकांवर चढणारच. मग लोकं लेबलं ९० अंशात उभी करतात आणि वाचणाऱ्याची मान वाकडी होते. लेबलं कशाला फिरवताय, चार्टच आडवा करा की, कोडमध्ये बार() च्या जागी बारएच() लिहा.

पण नुसतं नाव बदलून काम होत नाही. बारएच पहिलं नाव सगळ्यात खाली टाकतं, त्यामुळं क्रम उलटा दिसतो, आणि तो सुलटा करायला काहीजण नावांची यादी उलटी करतात पण आकड्यांची करायची राहते. ही चूक सगळ्यात वाईट, कारण एरर येत नाही, चार्ट छान दिसतो, फक्त जतचा आकडा भलत्याच तालुक्यासमोर बसलेला असतो. डेटाला हातच लावू नका, इन्व्हर्ट_वायॲक्सिस() एकदा वापरा. एकदाच हां, त्याच चार्टवर परत चालवलं तर परत उलटं होतं.

जाडीचं बघा. उभ्या बारमध्ये विड्थ म्हणजे जाडी, आडव्यात विड्थ म्हणजे खुद्द आकडा आणि जाडी असते हाइटमध्ये. जुना विड्थ तसाच ठेवला तर टाइपएरर येतो, ते बरंच, निदान कळतं तरी. एररबारचं (आकडा किती मागंपुढं असू शकतो ते दाखवणारी रेघ) मात्र वायएरर बदलून एक्सएरर करायला विसरलात तर तो गुपचूप आडव्या बारवर उभी रेघ मारतो. मर्यादेची रेघही तशीच, ॲक्सएचलाइनची ॲक्सव्हीलाइन करावी लागते.

आता सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी तारखेनुसार काढायची आहे, इशाऱ्याची रेघ ४० फूट, धोक्याची ४५ फूट. हा चार्ट आडवा करूच नका, काळ डावीकडून उजवीकडंच वाचला जातो. तारखा गर्दी करत असतील तर ऑटोएफएमटी_एक्सडेट() वापरा, ते ३० अंश तिरकं करून लेबलाचं उजवं टोक टिकला (अक्षावरच्या खुणेला) लावतं. स्वतः ४५ अंश देणार असाल तर एचए (लेबलाची आडवी जुळणी) मध्ये राइट द्या, नाहीतर लेबल मधोमध टांगतं आणि कुठल्या बारचं तेच कळत नाही. सेव्ह करताना खालची अक्षरं कापली तर बीबॉक्स_इंचेसला टाइट.

मराठी नावांच्या जागी चौकोन आले तर तो फिरवण्याचा दोष नाही, डिफॉल्ट फॉन्ट डेजावू सॅन्समध्ये देवनागरीच नाही. फॉन्ट बदलूनही बऱ्याच व्हर्जनमध्ये मिरज आणि शिराळ्याची वेलांटी अक्षराच्या उजवीकडं पडते, तिथं एमपीएलकैरो हे चार्ट रेखाटणारं वेगळं पॅकेज कामाला येतं.

हिस्टोग्रामला ओरिएंटेशन हॉरिझॉन्टल द्यायचं, सोपं आहे. आयएमशो (आकड्यांचा तक्ता रंगीत चित्रासारखा दाखवणारं फंक्शन) मात्र पहिली ओळ वर ठेवतं, तुमच्या डेटाची पहिली ओळ दक्षिणेची असेल तर जत वर आणि आटपाडी खाली दिसेल, ओरिजिन लोअर करा. नमपायच्या रॉट९० ने ॲरे (आकड्यांचा तक्ता) फिरवू नका, डेटा फिरतो पण ॲक्सिसवरचे आकडे जागेवरच राहतात.

वाऱ्याच्या दिशेचा पोलर (गोल, कोनांवर मांडलेला) चार्ट असेल तर शून्य उजवीकडं असतं आणि कोन घड्याळाच्या उलट वाढतात. सेट_थीटा_झीरो_लोकेशनला एन (म्हणजे उत्तर), सेट_थीटा_डायरेक्शनला -१ द्या, आणि अंश आधी रेडियनमध्ये करून घ्या.