एकाच्या बदल्यात दहा झाडं? या चुका टाळा

रस्ता, धरण किंवा सौर प्रकल्प आला की गावच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं, "एक तोडलं तर दहा लावून देतील." सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी यावर लगेच मान डोलवू नये.

सगळ्यात महागात पडते ती झाडं नुसती मोजण्याची चूक. ११३ वर्षं ज्याचा पत्ता नव्हता तो रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तो अंडी घालतो झाडाच्या ढोलीत. ढोली व्हायला जाडजूड, पिकलेलं खोड लागतं, कुठे फांदी वठावी लागते, कुठे सुतारपक्ष्याने ती कोरावी लागते. गुडघाभर उंचीची दहा हजार रोपं लावा, त्यात एकही ढोली सापडणार नाही. तेव्हा किती झाडं जाणार एवढंच विचारून थांबू नका. कोणती, किती जुनी आणि त्यांच्यावर कोण राहतं, हेही लिहून मागा.

दुसरी चूक माळाला पडीक म्हणण्याची. साक्रीकडचा माळ मे महिन्यात ओसाड वाटतो, पण तितर, चंडोल, लांडगा आणि ठेलारींची मेंढरं त्याच्यावरच जगतात. तिथे भरपाई म्हणून ग्लिरिसिडियासारखी झटपट वाढणारी परदेशी झाडं लावली की जंगल गेलं ते गेलंच, वर माळही गेला.

जमीन कुठली, हेही बघा. वनजमिनीच्या बदल्यात सहसा तेवढीच वनेतर जमीन लागते. काही वेळा ती न देता दुप्पट निकृष्ट वनजमिनीवर लागवड दाखवतात. अक्राणी-अक्कलकुव्यात अशा जमिनीवर कुणाचं तरी मोहाचं झाड उभं असतं, कुणाचा वनहक्क दावा पडून असतो. गट क्रमांक ग्रामसभेत वाचून घ्या.

काहीच न मिळण्यापेक्षा भरपाई बरी, हे मलाही पटतं. पण ती जगली पाहिजे. रोपं सप्टेंबरात मोजू नका, तेव्हा सगळंच हिरवं असतं. मे महिन्यात जा. एका लागवडीत मी वाळलेली काडी उपटली, तर मुळांना रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच गुंडाळलेली होती.

आणि भरपाईचं बोलणं सुरू होण्याआधी विचारा, रस्ता थोडा सरकवून ही झाडं वाचतील का? जनसुनावणी लागणार असेल तर किमान ३० दिवस आधी नोटीस निघते. हा प्रश्न त्या मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या.