अर्धवट किटच्या नोंदी कशा पूर्ण केल्या

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला प्रायोगिक वर्गातील प्रमाणपत्र हवे असेल, तर त्याचा मोठा भाग, म्हणजे व्यवहारात ५१ टक्के काम, हौशी मंडळींनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केले आहे, हे एफएएला (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेला) दाखवावे लागते. मी अशा विमानाचे अर्धवट झालेले किट (सुट्या भागांचा संच) विकत घेतले तेव्हा पंख तयार होते, पण त्यांची एकही लेखी नोंद सोबत नव्हती. आधीचा मालकही हौशीच असल्यामुळे त्याचे काम हिशेबात धरता येत होते. अडचण फक्त पुराव्याची होती. त्याच्याकडून जुने फोटो आणि सहीचे निवेदन मिळवले आणि एफएएच्या तपासणी यादीतील प्रत्येक कामासमोर ते कोणी केले हे लिहून फोटो जोडला. पंखाच्या फासळीतील भोकांच्या कडा घासताना हात आणि अवजार दोन्ही दिसतील असा एक फोटो लांबलचक वर्णनापेक्षा फार उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे. निरीक्षकाने नोंदी मान्य केल्या. घरी बांधलेल्या विमानाचे रिपेअरमन प्रमाणपत्र, म्हणजे त्याची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना, मुख्य बांधणाऱ्यालाच आणि त्या एकाच विमानापुरते मिळते. तेही याच नोंदींच्या आधारे मिळाल्यामुळे दर वर्षीची तपासणी आता मला स्वतःच करता येते.