कोरफड, हळद, चुना: गाईच्या कासेला चालतं ते कुत्र्याला का चालत नाही

गाईम्हशींच्या दगडीवर, म्हणजे काससुजीवर, कोरफड-हळद-चुन्याचा लेप आता बऱ्याच गोठ्यांत रुळलाय. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्याचं प्रमाण ठरवून देऊन प्रसार केला. लेप सोपा आहे, तरी अनेकांचा फसतो. एकतर चुना शिळा असतो, नाहीतर लेप दिवसातून दोनदाच लागतो. मग गाईला गुण आला की तोच लेप कुत्र्याच्या जखमेवर जातो, तिथून घरातल्या भाजलेल्या हातावर, आणि नवा घोटाळा सुरू होतो.

दगडी आहे का, ते आधी बघा

धार काढायला बसलात की प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या कापडावर घ्या. दुधात गुठळ्या असतील तर कापडावर चटकन दिसतात. दूध पाण्यासारखं पातळ, पिवळसर किंवा लालसर येत असेल, एखादा सड गरम आणि टणक लागत असेल, हात लावताच गाय लाथ झाडत असेल, तर दगडीच समजा. या धारा गोठ्याच्या जमिनीवर मात्र सोडू नका. त्यातले जंतू गाय बसली की दुसऱ्या सडांना लागतात.

लेपाला काय लागतं

- कोरफडीची पानं 250 ग्रॅम (चांगली मांसल दोन-तीन पानं)
- हळद पूड 50 ग्रॅम
- पानाला लावतो तो चुना 15 ग्रॅम, साधारण एक मोठा चमचा
- खायला घालायला रोज दोन लिंबं

कळीचा चुना आणून गोठ्यात विरवत बसू नका. नीट न विरलेला खडा पाणी लागताच तापतो आणि कासेची नाजूक कातडी भाजते. विड्याच्या पानाचा तयार, ओला चुनाच घ्या.

करायचं कसं

1. पानांच्या कडेचे काटे कापून टाका. साल राहू द्या. काटे राहिले तर चोळताना कासेवर ओरखडे उठतात.
2. पानांचे तुकडे, हळद आणि चुना मिक्सरमधून एकत्र फिरवा. पाणी घालायची गरज नाही, कोरफडीचंच पुरतं.
3. आता रंग बघा. भांड्यात पिवळं दिसणारं मिश्रण फिरता फिरता तांबडं व्हायला हवं. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तीच ही किमया. पिवळंच राहिलं तर चुना मेलेला आहे: उघड्या डबीत हवा लागून त्याची चुनखडी झालेली असते. चुना बदला, हळद वाढवून उपयोग नाही. डबीत चुन्यावर बोटभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावलं की तो टिकतो.
4. कासेतलं सगळं दूध काढून टाका. कास स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा.
5. मूठभर लेप 150 ते 200 मिली पाण्यात कालवून पातळ करा आणि पूर्ण कासेला लावा. दुखऱ्या सडापुरता लावून थांबू नका.
6. पुढच्या वेळी आधीचा लेप धुऊन मगच नवा लावा. असं दिवसातून दहा वेळा, सलग पाच दिवस.

दहा वेळा ऐकून माणूस दचकतो. पण पातळ लेप तासाभरात वाळून पोपडे धरतो, गाय बसली की निम्मा गोणपाटावर राहतो. सकाळी सहाला सुरुवात केली तर सव्वा-दीड तासाने एक फेरी करत रात्रीपर्यंत दहा होतात. शेतावर जायचं असेल तर घरातल्या कुणाला तरी वाटून द्या. लेप रोज ताजा करायचा, कालचा उरलेला वापरायचा नाही.

लिंबं अर्धी कापून रोज दोन, असं तीन दिवस खाऊ घाला. दुधात रक्त येत असेल तर दोन मुठी कढीपत्ता गुळाबरोबर वाटून दिवसातून दोनदा द्या, रक्त थांबेपर्यंत.

दुखऱ्या सडाची धार सगळ्यात शेवटी काढा आणि नंतर हात साबणाने धुवा. ते दूध खड्ड्यात पुरा. वासराला किंवा कुत्र्याला पाजू नका. धार झाल्यावर गाईपुढे लगेच वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहते. धारेनंतर सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, आणि त्याच वेळी ती शेणात बसली तर पाच दिवसांची मेहनत वाया.

डॉक्टरांना कधी बोलवायचं? गाईचा ताप 104 अंश फॅरेनहाइटच्या वर गेला (एरवी तो 101 ते 102.5 असतो), तिने वैरण सोडली, किंवा सड थंड पडून निळसर-काळा दिसू लागला, तर लेपाची वाट बघू नका, त्याच तासाला फोन करा. दोन दिवसांत फरकच नसेल तरी बोलवा. प्रतिजैविक सुरू करण्याआधी दुधाचा नमुना तपासायला द्यावा, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. लेप लावत होतो हे डॉक्टरांना न लाजता सांगा. प्रतिजैविक दिलं तर बाटलीवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत दूध डेअरीला घालू नका.

कुत्रा चाटतो, मांजर तर अंगभर चाटतं

गाय कासेवरचा लेप पोटात घेत नाही, कुत्रा घेतो. कोरफडीच्या सालीखाली पिवळा, कडू चीक असतो. तो कडक रेचक आहे, कुत्र्याला उलट्या आणि हगवण लागते. चुन्याने जीभ भाजते ती वेगळीच. म्हणून कुत्र्याच्या किरकोळ खरचटीला हा लेप नाही. त्याऐवजी जखमेभोवतीचे केस कातरा. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात मीठ 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, विरघळवून जखम धुवा. चमचाभर खोबरेल तेलात पाव चमचा हळद मिसळून पातळ हात फिरवा. कोरडी हळद दाबून भरायची सवय मोडा: वरून खपली धरते आणि आत पू साचतो. चाटू नये म्हणून गळ्याला प्लॅस्टिकचा शंकू बांधा. खोल जखम, चावा किंवा जखमेत पडलेले किडे घरी हाताळू नका.

जंतांवर म्हणून कुत्र्याला लसूण चारतात. कांदा-लसणाने कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि ती फिकी पडतात. मांजराचं यकृत आणखी हळवं असतं. कापूर, निलगिरीचं तेल किंवा टी-ट्री तेल पिसवांसाठीसुद्धा तिच्या अंगाला लावायचं नाही.

घोड्याच्या पोटदुखीला काढा नको

सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा असो की माथेरानचा, पोटात दुखलं की तो कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने माती उकरतो, लोळतो. घरात हिंग-ओव्याचा काढा तयारच असतो. पण घोड्याला उलटी होत नाही. आतडं अडलं असेल तर पोटात आणखी भर घालून ते फुटायची वेळ येते. बाटलीने ओतलेला काढा फुफ्फुसात जायची भीती आहेच. चारा काढून घ्या, हळूहळू चालवा. खालच्या जबड्याच्या हाडाला आतून बोट लावून नाडी मोजा. निवांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44 पडते. साठीच्या वर गेली तर डॉक्टरांना लगेच गाठा.

आणि माणसाला

भाजलेल्या हातावर कोरफड चालते, पण आधी वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली हात धरा. पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक निथळून जाऊ द्या. मग साल काढून आतला पांढरा गर तेवढा लावा. फोड आला असेल तर फोडू नका, तळहाताहून मोठा भाग भाजला असेल तर लेपाच्या भानगडीत न पडता दवाखाना गाठा.

कफाच्या खोकल्याला अंगणातला अडुळसा. त्यातलं व्हॅसिसिन पुढे ब्रोमहेक्झिन या कफ पातळ करणाऱ्या औषधाच्या निर्मितीला आधार ठरलं. कच्ची पानं वाटून रस काढायला गेलात तर हात दुखतील, रस सुटणार नाही. दहा-बारा पानं धुऊन चाळणीत दहा मिनिटं वाफवा, पानं मऊ आणि काळपट हिरवी होतात. मग ती कुटून कापडातून पिळा. मोठ्या माणसाला दोन चमचे, म्हणजे 10 मिली रस, चमचाभर मधातून दिवसातून दोनदा. गरोदर बाईला देऊ नका, अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध कशातूनही नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर रस बंद करून थुंकीची तपासणी करून घ्या.

उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावतात, तिच्यापासून मात्र चार हात दूर रहा. केस धुताना ती डोळ्यांत उतरली तर बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते. उतरलीच, तर वीस मिनिटं नळाखाली डोळे धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.