जखम घरी गेल्यावर पिकते: या चुका टाळा

"सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्न ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटला फोनवर विचारूच नका. नव्या नर्स मुली दहा मिनिटांत वीस फोन उरकतात, वहीत वीसदा 'ठीक' लिहितात आणि चहाला जातात. नागपुरात ऑपरेशनला आलेला माणूस भंडाऱ्याचा, गडचिरोलीचा, कधी थेट बालाघाटचा. चार-पाच दिवसांत सुट्टी होते आणि जखम बहुतेक वेळा त्यानंतरच पिकते. म्हणून ३० दिवस विचारपूस करायची, आत रॉड-प्लेट असेल तर ९० दिवस.

हे मला एका सिझेरियनच्या बाईने शिकवलं. सातव्या दिवशी फोन नवऱ्याने उचलला. "हो जी, ठीक आहे." तो धानाच्या बांधीत, बाई माहेरी! अकराव्या दिवशी ती आली तेव्हा लुगड्याला पिवळा डाग, दोन टाके उसवलेले, वर हळदीचा लेप. "पानी तं चार दिवसांपासून येत होतं सिस्टर, पन ताप नव्हता." त्या वहीत 'ठीक' माझ्याच अक्षरात होतं.

आता माझे प्रश्न ठरलेले. कपड्याला डाग लागतो का? वास येतो का? दुखणं कालच्यापेक्षा कमी की जास्त? उत्तर पेशंटच्याच तोंडून हवं. सुट्टीच्या कागदावर दुसरा नंबरही घेते, शेजारणीचा नाहीतर आशाताईचा.

नुसती लाली शोधत बसू नका. सावळ्या कातडीवर ती जांभळट दिसते, कधी दिसतच नाही. मी हाताची पाठ आधी लांब लावते, मग टाक्यांजवळ. गरम, कडक लागलं की डॉक्टरांना हाक. व्हॉट्सॲपवर फोटो मागवलात तर दिवसाउजेडीचा मागवा, पिवळ्या बल्बखाली सगळंच बरं दिसतं.

कल्चरला, म्हणजे कुठले जंतू आहेत ते बघायच्या तपासणीला, वरचा वाळका पू घेऊन पाठवू नका. आधी सलाईनने जखम धुवा, मग नमुना घ्या.

लक्ष ठेवायचा कंटाळा म्हणून अँटिबायोटिकचे दिवस वाढवणं हा शुद्ध आळस. ऑपरेशन संपल्यावर नुसती खबरदारी म्हणून ती चालू ठेवू नका, हे डब्ल्यूएचओने २०१६ मध्येच लिहून ठेवलंय.

आणि मे महिन्यात घामाने पट्टी सुटते, लोक तीच परत चिकटवतात. मी सुट्टीच्या पिशवीत दोन पट्ट्या जास्तीच्या टाकते. स्टोअरवाले भाऊ कुरकुरतात, कुरकुरू देत.