पानकापी माशीला बांबूचं घर: नळी आखूड कापू नका

गुलाबाच्या पानांना कडेनं गोल तुकडे कापलेले दिसले की आपल्याकडे आधी फवारणीचा पंप निघतो. तो खाली ठेवा. ती पानकापी माशी आहे, मधमाशीचीच नातलग. पोळं करत नाही, एकटी राहते, हातात धरून दाबल्याशिवाय डंख मारत नाही. विदर्भातल्या तुरीच्या फुलांवर राबणाऱ्यांत हिचे भाऊबंद बरेच. शहरात तिला अंडी घालायला पोकळ काड्या मिळत नाहीत, एवढीच अडचण.

बुरडाकडून बारीक पोकळ बांबू आणा. भोक 5 ते 10 मिलिमीटर, वेगवेगळ्या मापांचं. मानवेल जातीचा भरीव बांबू नको.

आता कापणं. इथं मी अख्खं वर्ष घालवलं. दुकानातली शोभेची घरं पाहून चार बोटं लांबीच्या नळ्या कापल्या. सगळ्या भरल्या, पानांच्या बुचांनी बंद झाल्या. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवल्या! पुढच्या हंगामात मात्र नवी नळी भरायला जवळपास कुणी आलंच नाही.

कारण अंड्यात आहे. मधमाश्यांत फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्यातून नर. म्हणजे नराला बापच नसतो. झिएरझोन या धर्मगुरूनं पाळीव मधमाशीबद्दल हे 1845 मध्येच मांडलं होतं. आई शुक्राणू साठवून ठेवते आणि कुठलं अंडं फळू द्यायचं ते स्वतः ठरवते. माद्यांची अंडी नळीच्या तळाशी, नरांची दाराशी, कारण नर आधी बाहेर पडतात. नळी आखूड असली की ती बहुतेक नरच घालते. घर भरलेलं दिसतं, पण घरटी बांधणाऱ्या माद्याच नसतात.

म्हणून आतली पोकळी किमान 15 सेंटिमीटर. मागची गाठ तशीच ठेवा, पुढचं तोंड पॉलिश पेपरनं घासा. कुसळांनी पंख फाटतात.

छज्जाखाली, पूर्वेकडे तोंड करून घट्ट बांधा. लोंबकळतं नको. मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, तेव्हा दुपारचं ऊन लागता कामा नये. आणि कूलरच्या बाजूला तर मुळीच नको, ओलीनं आत बुरशी धरते.

नळ्या दोन वर्षांनी बदला, पण बंद असलेल्या फेकू नका. एखादी मातीनं लिंपलेली दिसली तर ती कुंभारणीची, म्हणजे मातीचं घर करणाऱ्या गांधीलमाशीची. तीही राहू द्या, कुंडीतल्या अळ्या ती उचलून नेते.