परदेशातला आयपी ब्लॉक साताऱ्यात वापरताय? या चुका टाळा

सकाळी सव्वासातला गोडोलीतल्या एका निवृत्त गुरुजींचा फोन. ‘अहो, काल रात्री काय केलंत तुम्ही? माझं गुगल पोलिश झालंय!’ ते पोलिश आहे हे नातवानं ओळखलं होतं. दुपारपर्यंत असे अकरा फोन आले. कुणाची बँक परदेशातून लॉगिन होतंय म्हणून अडवत होती, तर कुणाला मॅच ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं दिसत होतं. आम्ही साताऱ्यात घरोघरी इंटरनेट पुरवतो, आणि आदल्या रात्री एकच उद्योग केला होता. ब्रोकरमार्फत भाड्यानं घेतलेला स्लॅश चोवीस, म्हणजे २५६ आयपी पत्त्यांचा (इंटरनेटवरच्या नंबरांचा) ब्लॉक, सुरू केला होता. तो होता युरोपच्या रजिस्ट्रीतला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या तिकडच्या संस्थेच्या दप्तरातला, म्हणून साइटना आमची गिऱ्हाइकं तिकडची वाटत होती.

भाड्यानं का घ्यावा लागतो ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. आयपीव्ही४चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा, जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्याच एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकची रजिस्ट्री एपनिक आपल्या शेवटच्या, १०३ ने सुरू होणाऱ्या साठ्यावर आली. २०१९ पासून तिथं नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. भारतात हे वाटपाचं काम निक्सी या संस्थेच्या आयआरआयएनएन या रजिस्ट्रीमार्फत होतं. पाचशे बारा पत्त्यांत शाहूपुरी ते कोडोली बसवायची म्हणजे सीजीनॅट (एकाच पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं) आलंच, आणि एखाद्या गिऱ्हाइकाला सीसीटीव्हीसाठी स्थिर, म्हणजे स्वतःचा न बदलणारा आयपी हवा असला की गाडी अडली.

पहिली चूक आमचीच. सातबारा न बघता वावर कसायला घेतलं. ब्रोकर फोनवर म्हणाला, ‘आयपीला देश नसतो, कुठंही चालवा.’ यातलं निम्मं खरं आहे. पॅकेटला सीमा कळत नाही, पण पत्ता कुणाच्या दप्तरात नोंदलाय त्याला किंमत आहे. अशा रजिस्ट्र्या पाच, आणि प्रदेशाबाहेरच्या वापराचा नियम प्रत्येकीचा निराळा. युरोपची राइप म्हणते, तुमच्या नेटवर्कचा एक तरी चालू भाग आमच्या प्रदेशात हवा. उत्तर अमेरिकेची एरिन बाहेरचा वापर चालवून घेते. मात्र त्या वापराच्या जोरावर आणखी पत्ते मागायचे तर तिच्या प्रदेशाशी खरा आणि भरीव संबंध दाखवावा लागतो, शिवाय निदान १,०२४ पत्ते तिथंच वापरात असावे लागतात. एपनिक आपल्या प्रदेशातल्या खातेदाराला पत्ते बाहेर वापरू देते. आफ्रिकेची आफ्रिनिक बरीच कडक. तिच्या शेवटच्या टप्प्यातल्या पत्त्यांचा बाहेरचा वापर फक्त आफ्रिकेशी जोडणी टिकवण्यापुरता. अशाच बाहेरच्या वापरावरून २०२१ पासून मॉरिशसच्या कोर्टात जे सुरू झालं, त्यात खुद्द रजिस्ट्रीचीच बँक खाती काही काळ गोठली. आफ्रिकेचा ब्लॉक स्वस्त मिळाला तर आधी तो स्वस्त का आहे ते विचारा.

एक गफलत इथं नेहमी होते. इंटरनेट पुरवण्याच्या आपल्या सी वर्गाच्या लायसन्सची हद्द आणि पत्त्यांची हद्द लोक एकच समजतात. लायसन्स दूरसंचार खात्याचं, पत्ते रजिस्ट्रीचे. एकाची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही.

आता खरी डोकेदुखी. ब्लॉक सुरू केला, एका अपस्ट्रीमवरून (आम्हाला नेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून) सगळं ठीक, दुसऱ्यावरून निम्म्या साइट उघडतच नाहीत. आमच्या पोरांनी दोन दिवस फायबर तपासला, स्प्लाइस (फायबरचे जोड) पुन्हा मारले, पोवई नाक्यावरचा स्विचसुद्धा बदलला. दोष तिथं नव्हताच. आधीच्या भाडेकरूचा आरओए तसाच राहिला होता. हा ब्लॉक अमुक एएस नंबरच (प्रत्येक नेटवर्कचा ओळख क्रमांक) जाहीर करेल, असं सही केलेलं ते पत्र. त्यात आमचा एएस नंबर नाही, म्हणून जगातली बरीच नेटवर्क आमचा रूट, म्हणजे आमच्या ब्लॉकपर्यंतची वाट, ‘इनव्हॅलिड’ ठरवून टाकून देत होती. आरओए अजिबात नसता तर ‘नॉट फाउंड’ ठरून बहुतेक ठिकाणी चालून गेलं असतं. चुकीचा आरओए हा नसलेल्या आरओएपेक्षा वाईट. अजून एक खोच आहे. मालकाच्या आरओएत स्लॅश बावीस (चोवीसच्या चौपट ब्लॉक) आणि कमाल लांबीही बावीसच असेल, म्हणजे त्याहून लहान तुकड्याला परवानगी नसेल, तर त्यातला तुमचा स्लॅश चोवीस एएस नंबर बरोबर असूनही इनव्हॅलिडच होतो. म्हणून अर्धं नेट चालतं, अर्धं नाही अशी तक्रार आली की शिडी काढण्याआधी बाहेरच्या लुकिंग ग्लासवर, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कला काय दिसतं ते दाखवणाऱ्या साइटवर, आपला रूट बघा.

हा आरओए तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकत नाही. तो ब्लॉकच्या खातेदारानं त्याच्या रजिस्ट्रीच्या पोर्टलवरच करायचा. रिव्हर्स डीएनएसचंही (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) तेच, आणि ते नीट नसेल तर मेल परत येतात. रूट ऑब्जेक्ट (कोणता ब्लॉक कुठला एएस जाहीर करतो याची नोंद) दुसऱ्याच प्रदेशातल्या डेटाबेसात घालून पळवाट काढू, असंही चालत नाही. उदाहरणार्थ, प्रदेशाबाहेरच्या पत्त्यांचे नवे ऑब्जेक्ट राइपनं सप्टेंबर २०१८ पासून बंद केले. तेव्हा पहिलं भाडं देण्याआधी करारात लिहून घ्या की आरओए, रिव्हर्स डीएनएस आणि जिओफीड किती दिवसांत करून देणार. आमच्या करारात ‘सपोर्ट मिळेल’ एवढंच होतं. सपोर्ट मिळाला, अकराव्या दिवशी.

जिओफीड म्हणजे साधी सीएसव्ही फाइल. एका ओळीत ब्लॉक, मग आयएन, आयएन-एमएच, सातारा. ती आपल्या वेबसाइटवर ठेवायची आणि रजिस्ट्रीच्या नोंदीत तिचा दुवा खातेदाराकडून घालून घ्यायचा. लोकेशन सांगणाऱ्या कंपन्या तिथून वाचतात, पण आपापल्या सवडीनं. दुवा लागल्यापासून गुरुजींचं गुगल नवव्या दिवशी ताळ्यावर आलं, बँकेला तीन आठवडे लागले. त्यामुळे नवा ब्लॉक घरगुती गिऱ्हाइकांवर लगेच सोडू नका. आधी महिनाभर ऑफिसच्या लायनीवर चालवा. स्पॅमहाउससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांत तो सापडतोय का तेही याच काळात बघा.

उलट चूकही आता दिसायला लागलीय. कराडकडच्या एका मित्राकडं आयआरआयएनएनचे ५१२ पत्ते, त्यातले निम्मे पडून. बाहेरच्या ब्रोकरनं डॉलरमध्ये भाडं देऊ केलं. मी म्हटलं, ‘दादा, नोंद तुझ्या नावावर राहणार. तिकडं कुणी फिशिंग केलं तर तक्रारीचा मेल कराडात येईल.’ भारतातल्या नेटवर्कांना सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. ज्या राऊटरला त्यानं कधी हात लावलेला नाही, त्याचे लॉग तो कुठून देणार? विकायचं म्हटलं तर १०३ मधल्या नव्या वाटपाला पाच वर्षं हस्तांतराची बंदी. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, ब्रोकरला नाही म्हणालोय, आणि तुला एखादा स्थिर आयपी हवाय का?